स्क्रॅप आणि नवीन यांच्या मधलं काम

पोस्ट मोठी आहे, त्यात ऑइल-ग्रीसही बरंच आहे. चालवून घ्या.

बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकाजवळ ज्यांचा वह्या-पुस्तकांचा धंदा आहे, त्यांना मे-जून म्हणजे काय हे सांगायला नको. नेमका त्याच दिवसांत आमचा बारा वर्षांचा डिझेल टेम्पो बसला. ऑइल पंप गेला, मधलं मेन बेअरिंग तापून जागेवर फिरलं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी उघडून पाहिलं आणि सांगितलं, "ब्लॉक गेला. नवीन टाका, नाहीतर गाडी स्क्रॅपला द्या." नव्या ब्लॉकचा आकडा टेम्पोच्या विक्रीच्या किमतीला भिडत होता.

आमच्या ड्रायव्हरने ब्लॉक रिक्षा-टेम्पोत टाकून नाना पेठेच्या बाजूला एका जुन्या मशीन शॉपमध्ये नेला. तिथले काका सत्तरीचे. पहिला प्रश्न, "गेला म्हणजे किती गेला? कुणी मोजलं?"

कुणीच मोजलं नव्हतं.

आता हे मोजणं म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही त्या दिवशीच कळलं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक सहसा पाच ठिकाणी टेकलेला असतो. अर्धं घर ब्लॉकमध्ये, अर्धं खालून बोल्टने बसवलेल्या कॅपमध्ये. या पाचही घरांचा मध्य एका सरळ रेषेत हवा. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलची फट पाच-सहा शतांश मिलिमीटरची, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढीही नाही. एक घर जरी रेषेतून सुटलं तरी तिथला ऑइलचा थर तुटतो आणि नवं बेअरिंग पुन्हा जळतं. म्हणून नुसते नवे शेल टाकून काम होत नाही.

काकांनी कॅप आपापल्या नंबरावर, आपापल्या दिशेला बसवल्या. कॅपची अदलाबदल केली की सगळं मुसळ केरात. मग टॉर्क रेंचने बोल्ट आवळले, कारण मोकळ्या कॅपचं माप खोटं असतं. डायल गेज प्रत्येक घरात तीन दिशांनी फिरवला. चार घरं ठीक. तिसरं उभ्या दिशेने आठ शतांश मिलिमीटर मोठं झालेलं. एवढंच "गेलं" होतं.

उपाय ऐकायला उलटा वाटतो. घर मोठं झालंय, तर आधी ते लहान करायचं. तिसऱ्या कॅपची जोडाची बाजू थोडी ग्राइंड केली. कॅप वर सरकली, भोक लंबगोल आणि मापापेक्षा छोटं झालं. मग लांब बोअरिंग बार पहिल्या आणि पाचव्या शाबूत घरांवरून सेट करून तिसरं घर पुन्हा गोल, कंपनीच्या मूळ मापाला कापलं. यात ब्लॉकच्या बाजूने होईल तितकं कमी कापायचं असतं. जास्त कापलं की मध्य वर सरकतो आणि घर पुन्हा रेषेतून जातं. सगळीच लाईन वर गेली, तर टायमिंगचे गिअर नीट बसत नाहीत आणि गिअरबॉक्सची रेषही चुकते. सेटिंगला अख्खी सकाळ गेली, कापायला काही मिनिटं. क्रँक वेगळा ग्राइंड करून अंडरसाइज शेल टाकले. शेवटी पिस्टन न लावता नुसता क्रँक बसवला. काकांनी तो दोन बोटांनी फिरवला, एकसारखा फिरला. टेम्पो आज वह्या वाहतोय.

आता मुद्दा. जुन्या गाड्यांचं धोरण २०२१ मध्ये आलं. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून बंद झाली. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून गेल्याच पाहिजेत, याबद्दल माझं दुमत नाही. लक्ष्मी रोडला रोज तो धूर आम्हीच खातो. पण धोरणात, बातम्यांत, आपल्या बोलण्यात गाडीच्या दोनच अवस्था उरल्यात : नवीन आणि स्क्रॅप. आठ वर्षांवरच्या माल वाहणाऱ्या गाडीला दरवर्षी फिटनेस दाखवावा लागतो. मग ती फिट ठेवणारं इंजिनचं काम करणार कोण, याचा विचार कुठे आहे?

दुसरी गोष्ट मापांची. या कामाला कंपनीचं मूळ माप, किती मायक्रॉन इकडे-तिकडे चालतं ते, आणि बोल्टचा टॉर्क लागतो. सर्व्हिस सेंटरने आम्हाला ते दिलं नाही. "बाहेर देत नाही," एवढंच उत्तर. काकांकडे एक जुनी, तेलकट वही होती, त्यात निघालं म्हणून निभावलं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. उत्तम. पण त्याचा उपयोग ग्राहकाला सर्व्हिस सेंटरचा फोन नंबर मिळण्यापुरताच असेल, तर तो नंबर आमच्याकडे आधीच होता. गाडी विकताना इंजिनची मापं जाहीर करणं सक्तीचं का नको?

आणि माणसं. आयटीआयमध्ये मशिनिस्टचा ट्रेड दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. मशिनिस्ट झालेलं पोर चाकण-रांजणगावला कंपनीत जातं, पगार आणि पीएफ मिळतो, का जाऊ नये? ज्या जिल्ह्यात १९४६ पासून खडकीला डिझेल इंजिनं बनतायत, तिथे मेन लाईन बोअर करून मिळेल असं दुकान शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. आमच्या पेठेखालून मेट्रोचा बोगदा गेला तेव्हा सगळ्या पुण्याने कौतुक केलं, ते योग्यच. या चार इंची बोगद्याचंही थोडं करूया की.

काकांची दोन्ही मुलं दुसऱ्या क्षेत्रात आहेत. जागा भाड्याची, वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय. येत्या दिवाळीनंतर दुकान बंद. बोअरिंग बार, कटर, गेज सगळं चालू स्थितीत आहे, पण भंगारवाला किलोवर भाव सांगून गेलाय. काका म्हणाले, "कोणी सहा महिने येऊन शिकणार असेल तर मशीन हप्त्याने देतो." तुमच्या ओळखीत मशिनिस्ट झालेला कोणी मुलगा किंवा मुलगी असेल, तर मला इनबॉक्स करा. मी स्वतः घेऊन जातो.