आपल्या माणसाला क्षमा

अधिकारपद सोडून जाणाऱ्या माणसाच्या दारी अखेरच्या दिवसांत याचकांची रीघ लागते. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या दारी ती अधिकच लांब असते. कारण महाभियोगाचे प्रकरण वगळता, संघराज्याच्या कायद्याविरुद्ध घडलेल्या कोणत्याही गुन्ह्याची क्षमा करण्याचा अधिकार तेथील घटनेने एकट्या अध्यक्षाला दिला आहे. आपले राष्ट्रपती हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालवितात. अमेरिकेच्या अध्यक्षावर असे बंधन नाही. मग अशा अध्यक्षाने आपल्याच निकटच्या माणसाला विन्मुख का पाठवावे?

जॉर्ज बुश (धाकटे) यांचा एक निर्णय आम्हांस या संदर्भात मननीय वाटतो. गुप्तहेर खात्यातील एका स्त्री-अधिकाऱ्याचे नाव वृत्तपत्रांकडे कसे पोहोचले, याची चौकशी चालू होती. तीत उपाध्यक्ष डिक चेनी यांचे मुख्य साहाय्यक लुईस लिबी सापडले. शपथेवर खोटे बोलणे, न्यायाच्या कामात अडथळा आणणे अशा पाच आरोपांपैकी चारांवर ज्यूरीने मार्च २००७ मध्ये त्यांना दोषी ठरविले. शिक्षा झाली ती ३० महिन्यांची कैद आणि अडीच लाख डॉलर दंड. जुलै महिन्यात बुश यांनी ही कैद फार कठोर म्हणून रद्द केली. परंतु दंड आणि अपराधाचा शिक्का तसाच ठेवला.

चेनी यांचे एवढ्याने समाधान झाले नाही. पूर्ण क्षमा मिळावी म्हणून त्यांनी अखेरपर्यंत आग्रह धरला. त्यांची बाजू अगदीच पोकळ होती असे नव्हे. ते नाव एका स्तंभलेखकाला प्रथम सांगणारा अधिकारी निराळाच होता, आणि त्याच्यावर खटलाही झाला नाही. बुश यांनी वकिलांकडून प्रकरण पुन्हा तपासून घेतले. ज्यूरीचा निर्णय फिरवावा असे कारण त्यांना आढळले नाही. बुश यांनी नकार दिला, आणि आठ वर्षांच्या सहकाऱ्याचा रोष पत्करला. १९ जानेवारी २००९ रोजी त्यांनी सीमेवरील दोन पहारेकऱ्यांची शिक्षा मात्र कमी केली. म्हणजे दयेचे दार बंद झालेले नव्हते.

वाचकहो, आमच्याकडेही शिफारसपत्रासाठी माणसे येतात. अनोळखी माणसाला नकार देणे सोपे जाते. ज्याच्या घरी आम्ही जेवलो आहोत, त्याच्यापुढे लेखणी अडखळते. म्हणूनच त्या नकाराची किंमत आम्ही थोडीफार जाणतो.

आमचे कोणी देणे लागत असेल, तर ते सोडून देणे हे आमचे औदार्य. शेजाऱ्याचे येणे आम्ही सोडून दिले, तर ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे होय. लिबी यांनी जी शपथ मोडली ती बुश यांच्यापुढे घेतलेली नव्हती. ती न्यायासनाची, म्हणजे सर्व प्रजेची होती. शिवाय ज्याने आपल्याच राज्यकारभारात चाकरी केली, त्याला क्षमा करताना धनी निःपक्षपाती राहू शकत नाही. ती क्षमा दया आहे, की मौनाचा मोबदला, अशी शंका लोकांस येणारच. आणि त्यामागून येणारा प्रत्येक साहाय्यक मनात म्हणेल, 'साहेब आहेत, शपथेचे काय भय?'

आणखी एक गोष्ट. बुश यांनी आठ वर्षांत १८९ जणांना क्षमा केली. परंतु अर्ज करणारे हजारो होते, आणि त्यांतील बहुतेकांना अध्यक्षाच्या मेजापर्यंत पोहोचविणारा कोणी चेनी नव्हता. ओळखीचा मनुष्य रांग मोडून पुढे गेला, की मागचा प्रत्येक जण एक पाऊल मागे सरतो.

कैद रद्द करणे ही दया होती. शिक्का कायम ठेवणे हा न्याय होता. दोन्ही एकाच हाताने केले, यातच त्या निर्णयाचे मोल आहे. पुढे एप्रिल २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी लिबी यांना पूर्ण क्षमा दिली. बुश यांनी मात्र पद सोडताना, ओबामा यांच्या शपथविधीस जाता जाता, त्यांना एकच सल्ला दिला: क्षमेविषयीचे धोरण आरंभीच जाहीर करा आणि त्यालाच चिकटून राहा. आपला माणूस दाराशी येऊन उभा राहण्यापूर्वीच नियम ठरलेला असावा. तो आल्यावर नियम ठरविणे कोणालाही कठीण जाते.