वंशावळ हत्तींची

आपल्याकडील राजेरजवाड्यांनी हत्ती पाळले. हत्तींचा वंश मात्र सहसा पाळला नाही. गायकवाडांच्या काळी बडोद्यातील अग्गडावर होणाऱ्या साठमारीच्या गोष्टी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलो. कोणता हत्ती कसा बिथरला, माणसाने त्याला कसे हुलकावले, हे सारे त्यांत असे. पण अमुक हत्ती अमुक हत्तिणीच्या पोटचा, असा उल्लेख कधी ऐकल्याचे आम्हांस स्मरत नाही. कारण उघड आहे. ‘खेडा’ घालून रानातला जाणता हत्ती कोंडून धरणे स्वस्त पडे; गाभण हत्तिणीला सुमारे 22 महिने सांभाळून तिचे पिल्लू पुढे दहा-पंधरा वर्षे बिनकामाचे पोसणे परवडत नसे.

पाश्चात्त्य प्राणिसंग्रहालयांचाही दीर्घकाळ हाच शिरस्ता होता. अमेरिकेतील पोर्टलंड येथे 14 एप्रिल 1962 रोजी पॅकी नावाचे पिल्लू जन्मले, तेव्हा पश्चिम गोलार्धात हत्तीचा जन्म 44 वर्षांनी झाला होता. पुढे 1975 साली आशियाई हत्तींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले आणि पैदास ही निकड ठरली. आज प्रत्येक जनावराचे आईबाप, जन्म आणि मृत्यू नोंदविणारी वंशनोंदवही असते. माजावर आलेला नर सांभाळणे जिकिरीचे, म्हणून नर ठेवणारी ठिकाणे थोडी. साहजिकच थोड्याच नरांचे रक्त पुष्कळ पिल्लांत उतरते. सावत्र भावंडांचा संबंध टाळायचा तो या नोंदवहीच्या आधारे. रक्तातील संप्रेरके तपासून हत्तिणीचा ऋतुकाल ओळखता येतो. 2001 साली वॉशिंग्टन येथे शांती नावाच्या हत्तिणीने कृत्रिम रेतनातून कंडुलाला जन्म दिला. सिंहली राजा दुट्टगामणीच्या हत्तीचे नाव त्या नवजाताला मिळाले. याउलट, अजाणता जुळलेल्या संबंधाचे उदाहरण इंग्लंडमधील चेस्टरचे. तेथे 1978 साली आफ्रिकी नर आणि आशियाई मादी यांचे मॉटी हे पिल्लू जन्मले आणि जेमतेम दहा दिवस जगले.

विज्ञानाच्या या उद्योगाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु नोंदवहीत मावत नाही असेही काही वंशात असते. रानात हत्तिणीची वीण कळपात होते. आजी, मावशी, थोरली बहीण भोवती असतात. लहान माद्या ते पाहतात आणि पुढे स्वतः आई होतात. एकेकट्या आणून ठेवलेल्या, जन्म म्हणजे काय हे कधी न पाहिलेल्या काही हत्तिणींनी आपल्याच पिल्लावर हल्ला केल्याच्या घटना प्राणिसंग्रहालयांत घडल्या आहेत. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. ‘सायन्स’ नियतकालिकातील 2008 सालच्या एका अभ्यासानुसार, युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचे मध्यक आयुर्मान 18.9 वर्षे, तर म्यानमारच्या लाकूडतोड छावण्यांतील हत्तिणींचे 41.7 वर्षे होते. छावणीतली हत्तीण ओंडके ओढते, तरी दुप्पट जगते. रात्री तिला रानात चरायला सोडतात, हे येथे विसरता येत नाही.

महाराष्ट्राबाहेर चार-पाच पिढ्या काढलेल्या आम्हां मंडळींना या गोष्टीचा अर्थ चटकन उमगावा. आमच्या कुलवृत्तांतांत खापरपणजोबांपर्यंतची नावे बिनचूक छापलेली असतात. पण घरातील नातवंडाला आजीची म्हण कळते की नाही, हे त्यात शोधून सापडत नाही. रक्त आपोआप उतरते. रीत उतरवावी लागते, आणि त्यासाठी चार माणसे एका छपराखाली नांदावी लागतात.

युरोपातील जाणत्यांना हे आता पटले आहे. आई आणि लेकी यांची ताटातूट करू नये, स्थलांतर वयात आलेल्या नराचे करावे, असे तेथील पैदास कार्यक्रमाचे धोरण आहे. रानातली रीतही तीच. भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 साली प्राणिसंग्रहालयांतील हत्ती वनखात्याच्या छावण्यांत हलविण्याचा आदेश दिला, त्यामागेही मोकळ्या जागेचा आणि कळपाचा विचार होता. पिल्ले किती जन्मली, हा हिशेब सोपा आहे. त्यांना आजी लाभली का, हे विचारल्याखेरीज वंश टिकला असे म्हणण्यास आम्ही तरी धजणार नाही.