गुडघा आणि मोडी

खेळ सोडला असे मी म्हणत नाही; सुटला असे म्हणते. या दोन क्रियापदांमधला भेद वर्गात समजावून सांगणे सोपे असते. स्वतःच्या बाबतीत तो मान्य करायला मला तीन वर्षे लागली.

खेळ म्हणजे खो-खो. कृष्णाकाठच्या एका मध्यम आकाराच्या गावात माझे शालेय शिक्षण झाले. तिथे संध्याकाळी साडेपाचला मैदानावर पाणी मारले जाई, रूळ फिरे, फक्कीच्या रेषा आखल्या जात आणि ओल्या मातीच्या त्या वासात आम्ही अनवाणी उतरत असू. आमचे सर कमी बोलत. 'पाय बोलले पाहिजेत' एवढेच त्यांचे सूत्र. जिल्ह्याकडून खेळले, पुढे विद्यापीठाच्या संघातून खेळले. राणी लक्ष्मीबाई पुरस्काराची स्वप्नेही पाहिली, आणि ती पाहण्याच्या वयात पाहिली म्हणून आज त्यांचे हसू येत नाही. २००४ साली महाविद्यालयात मराठी शिकवू लागले, तरी संध्याकाळ मैदानाचीच राहिली. मुलींच्या संघाबरोबर सराव करायचा, त्यांच्यातलीच एक होऊन पळायचे, घरी येऊन पाय धुवायचे आणि मग दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी. या दिनक्रमात मला काही विशेष वाटत नसे.

ज्यांनी हा खेळ फक्त शाळेच्या पटांगणात पाहिला आहे त्यांना तो निव्वळ धावण्याचा खेळ वाटतो. वास्तविक तो दिशेचा खेळ आहे. आठ जणी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेल्या. नववी पाठलाग करणारी. तिने एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे वळायचे नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. जिचा पाठलाग होतो तिला मात्र सारे मैदान मोकळे. म्हणजे एका बाजूला नियमांनी बांधलेल्या नऊ जणी आणि दुसऱ्या बाजूला मोकळी सुटलेली एक. (२०२२ साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत 'वझीर' नावाचा खेळाडू आला, त्याला कोणत्याही दिशेने पाठलाग करण्याची मुभा असते. आमच्या सरांना हे कोणी सांगायला धजले नसते.) मी पळतीची खेळाडू. एकेरी साखळीत बसलेल्या मुलींच्या मधून वळणे घेत जाताना मागचे पाऊल दिसत नाही, ते ऐकू येते. 'खो' हा शब्द कोणाच्या पाठीमागे उच्चारला जाणार हे तो उच्चारला जाण्याआधी अर्धा क्षण कळते. कसे कळते ते मला कधीच सांगता आले नाही, आणि मुली हेच विचारीत. तेव्हा मी पळून दाखवीत असे.

डिसेंबर २०१९ मध्ये असेच दाखवताना झाले. खांबाजवळ सापडलेल्या धावपटूने हुलकावणी देऊन कसे निसटावे, हा त्या दिवशीचा पाठ. मी एकोणचाळीस वर्षांची होते. डावा पाय रोवला, धड वळवले, गुडघा मात्र आधीच्याच दिशेला राहिला. खटकन आवाज आला. तो मी एकटीनेच ऐकला असे मला वाटले होते, पण पाटीवर बसलेल्या दोघींनीही ऐकला होता. मला कोणी स्पर्शही केला नव्हता. पुढे समजले की गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध पुष्कळदा असाच तुटतो, धक्क्याने नव्हे, स्वतःच्याच वळण्याने. आणि स्त्री खेळाडूंमध्ये ही इजा पुरुषांपेक्षा अधिक आढळते. अस्थिबंधाबरोबर गादीही फाटली होती. जानेवारीत शस्त्रक्रिया झाली, मांडीच्या मागचा स्नायुबंध काढून तिथे बसवला. त्यानंतर सहा ते नऊ महिने नेमाने व्यायाम करायचा होता. पण मार्चमध्ये टाळेबंदी आली, व्यायाम शिकवणाऱ्या बाई फोनवर आल्या, आणि फोनवरून गुडघा वाकवता येत नाही. तो शेवटच्या काही अंशांत कायमचा अडला. चालता येते, जिने चढता येतात. एकदम वळता येत नाही. डॉक्टर सज्जन होते. 'रोजच्या आयुष्यात तुम्हाला काही जाणवणार नाही' असे म्हणाले. माझे रोजचे आयुष्य त्यांना ठाऊक नव्हते.

महाविद्यालय पुन्हा भरू लागल्यावर मी कर्मचारी कक्षाकडे जाण्याचा रस्ता बदलला. मैदानाला वळसा घालून, ग्रंथालयाच्या मागून जाऊ लागले. संघाची कर्णधार एकदा भेटायला आली. "मॅडम, तुम्ही नुसत्या येऊन बसलात तरी चालेल." मी म्हणाले, नॅकचे काम आहे. हे उत्तर प्राध्यापक वर्गात अविश्वसनीय कधीच ठरत नाही. खरे असे होते की ती मुलगी माझ्याहून चांगली खेळू लागली होती आणि ते मला पाहायचे नव्हते. मत्सर हा शब्द आपण वाङ्मयात सढळ हाताने वापरतो. स्वतःपुरता वापरताना त्याला काटे असतात.

या काळात सल्ले पुष्कळ मिळाले. पोहायला जा, योगासने करा, एखादा छंद लावून घ्या. पोहण्याचा प्रयोग दोन महिने केला. तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यात मला कोणाशी खेळायचे हेच उमगेना. पेटी शिकायचा प्रयत्न शेजाऱ्यांच्या हिताचा विचार करून थांबवला. 'छंद लावून घ्या' या वाक्प्रयोगावर मात्र मी बरेच दिवस रागावले होते. मराठीत छंद लागतो. तो वेडाच्या, हट्टाच्या घरचा शब्द आहे. मूल छंद घेते तेव्हा ते आईची साडी धरून रस्त्यात बसते. असा शब्द फावल्या वेळाच्या डब्यात कधी जाऊन बसला कोण जाणे.

मोडी माझ्याकडे छंद म्हणून आली नाही, परिपत्रकातून आली. मे २०२२ मध्ये गावच्या वाचनालयात मोडी लिपीचा दहा दिवसांचा वर्ग होणार होता आणि मराठी विभागातून एकाने जावे असा आदेश होता. सुट्टीत कोणी तयार नव्हते. मी तयार होते, कारण वर्ग संध्याकाळी साडेपाचला होता. ती वेळ कशाने तरी भरून काढणे मला निकडीचे झाले होते.

शिकवणारे गुरुजी महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी अक्षरच नाही. "आधी रेघ ओढा, बाई," म्हणाले. देवनागरीत आपण शब्द लिहून वर शिरोरेषा देतो; मोडीत कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ आधी आखली जाते आणि अक्षरे तिला खाली लोंबत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. या लिपीचे जनकत्व परंपरेने यादवांच्या काळातल्या हेमाद्री पंडिताकडे दिले जाते. तो वाद बाजूला ठेवला तरी राज्यकारभाराच्या घाईने तिला घडवले हे उघड आहे. ती पळती लिपी आहे. हा शब्द गुरुजींनी सहज उच्चारला आणि मी वहीतून मान वर केली.

एक कबुली इथेच देते. बखर वाङ्मय शिकवताना 'मूळ मोडी प्रत' हे शब्द मी अठरा वर्षे आत्मविश्वासाने उच्चारत आले होते. मोडीची एक ओळही मला वाचता येत नव्हती, आणि ते कोणी कधी विचारले नव्हते.

त्या वर्गात मी शेवटची होते. ही अतिशयोक्ती नव्हे. तंत्रनिकेतनात शिकणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा तिसऱ्याच दिवशी गुरुजींच्या आधी शब्द सांगू लागला. किराणा दुकान चालवणाऱ्या एक बाई, जुन्या हिशेबाच्या वह्या वाचता याव्यात म्हणून आलेल्या, माझ्या वहीतल्या चुका हळूच दाखवीत. 'र' जोडणीत इतकी रूपे घेतो की ओळखीचा माणूस रोज नव्या वेशात दारात यावा. खेळात मी कधी शेवटची नव्हते. अगदी पहिल्या दिवशीही सरांनी मला बाजूला काढून घेतले होते. त्यामुळे एखादी गोष्ट येत नसताना करीत राहणे ही माझ्यासाठी नवीनच अवस्था होती. पाचव्या दिवशी घरी येऊन रडले, आणि रडताना लक्षात आले की बऱ्याच महिन्यांत प्रथमच गुडघ्यासाठी रडत नाही.

वर्ग संपला, मी गुरुजींकडे जात राहिले. सुहूर सन शिकले. अरबी संख्यावाचकांनी वर्ष सांगायची ती रीत: 'सलास सीतैन मया व अलफ', म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार मिळून अकराशे त्रेसष्ट, इसवी सनाच्या हिशेबात १७६२-६३. पेशवेकालीन वळण आणि इंग्रजी अमदानीतले टाकाने लिहिलेले वळण यांतला फरक डोळ्यांना कळू लागला. सासरच्या माळ्यावरच्या पेटीतला कागद पहिल्यांदा एकटीने वाचायला घेतला तेव्हा अकरा ओळींना चार संध्याकाळी लागल्या. एका ठिकाणी मला 'जमीन न दिली' असे दिसले. मी मनोमन भावाभावांतले भांडण, वंचना, पिढ्यांचा अबोला असा सगळा प्रपंच उभा केला आणि कागद घेऊन गुरुजींकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला. "नदीलगत, बाई. जमीन नदीलगत." शब्द तोडून लिहायचे नाहीत आणि वेलांटी मोजायची नाही, की असे होते. पुढे वाचले तर तो बैलजोडी उसनी नेल्याचा साधा कागद होता. भांडण कोणाचेच नव्हते.

मोडी आणि खो-खो यांत साम्य शोधण्याचा मोह मला झाला नाही असे नाही. आधी आखलेली रेघ, मागे न वळणारा हात, धावत सुटलेला शब्द आणि त्याच्या मागे आपण. एका कार्यक्रमात मी हे सारे बोलूनही दाखवले, टाळ्या मिळाल्या. आता त्या भाषणाची लाज वाटते. मोडी वाचताना छाती भरून येत नाही, तळव्यांना माती लागत नाही, मागचे पाऊल ऐकू येत नाही. जे गेले ते तिथेच गेलेले आहे. मोडीने त्याची जागा घेतली नाही, तिने स्वतःची वेगळी जागा मागून घेतली.

आणि ती नुसती हौसही राहिली नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. अनोळखी माणसे घरी कागद घेऊन येऊ लागली. कोणी घडी पडलेला जुना उतारा, कोणी मोबाइलवरचे छायाचित्र. समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत राहत. अशा वेळी एका अक्षराविषयी शंका असली तर ती झाकायचा मोह फार असतो. समोरच्याला हवा तोच शब्द तिथे दिसू लागतो. 'नदीलगत' मला तेव्हा उपयोगी पडले. जे लागले नाही ते लागले नाही असे सांगायला शिकले. अध्यापनाच्या अठरा वर्षांत ते जमले नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. महिलांच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. मी तो सामना दूरचित्रवाणीवर पाहिला. मातीऐवजी मॅट, पायात बूट, वर दिव्यांचा झगझगाट. एका मुलीने खांबाजवळून अंग चोरून वळण घेतले आणि इकडे पांघरुणात माझा डावा पाय आपोआप रोवला गेला. गुडघ्यात कळ आली. नवऱ्याने विचारले, काय झाले? मी म्हणाले, सुटली ती.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयाच्या मागून न जाता सरळ मैदानावरून गेले. जुनी कर्णधार केव्हाच शिकून बाहेर पडली होती. तिला संध्याकाळी फोन केला आणि नॅकचे काम नव्हते हे सांगितले. ती म्हणाली, "मॅडम, ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं." थोडा वेळ दोघीही बोललो नाही. मग तिने विचारले, ते मोडी का काय करता म्हणे, कठीण असते का?

आता सामन्यांना मी वेळाधिकारी म्हणून बसते. हातात घड्याळ असते, पळतीची मिनिटे-सेकंद मांडते. मुलींना अजूनही काही दाखवता येत नाही. जे शब्दांत सांगता येते तेवढे सांगते, आणि ते फार थोडे आहे. घरी टेबलावर सध्या माळ्यावरच्या पेटीतलाच एक कागद उलगडून ठेवला आहे. मध्येच वाळवीने खाल्लेला, उरलेला बऱ्यापैकी स्वच्छ. गेले तीन आठवडे रोज रात्री तो पाहते. चौथ्या ओळीतला एक शब्द अजून लागलेला नाही.