आक्का सहलीला निघते

वाचकहो, हुमणी, मावा आणि उसाचे पाचट यांवर लिहिणाऱ्या माणसाने आज सहलीवर लिहायला घेतले, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण विषय तुमच्या घरातलाच आहे. माझी नोकरी कृषी विस्ताराची. बांधावर जाण्याआधी ओट्यावर बसून चहा घ्यावा लागतो, आणि गेल्या तीस वर्षांत असे किती ओटे झाले याची गणती नाही. त्यांतल्या कितीतरी घरांत सोप्याच्या कोपऱ्यात किंवा आतल्या दाराशी एक माणूस बसलेले असते. कोणाची आत्या, कोणाचा भाऊ, कोणाचा ट्रॅक्टर उलटून कंबरेखाली लुळा पडलेला तरणाताठा मुलगा. घरचे त्याला वेळेवर जेवू घालतात, औषधपाणी करतात, यात खोट नाही. पण सुगी संपली, मंडळी जीप ठरवून जोतिबाला, पन्हाळ्याला किंवा पोरांच्या हट्टापायी पाळण्यांच्या बागेत निघाली, की हे माणूस घर राखायला मागे राहते. का नेले नाही म्हणून विचारा. उत्तर ठरलेले असते, "कशाला त्याची दगदग!"

ही दगदग नेमकी कोणाची, असा प्रश्न आमच्या आक्काने घरात विचारला, त्याची ही हकिगत.

आक्का माझी थोरली बहीण. १९६९ साली, दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि दोन्ही पाय गेले. पोलिओची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरणात आली ती १९७९ साली. पुढे १९९५ पासून पल्स पोलिओच्या मोहिमा झाल्या, देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. पण रोग गेला तरी तो होऊन गेलेली माणसे आपल्यातच आहेत, आणि ती आता पन्नाशी-साठीला आली आहेत. चाळीस-पन्नास वर्षांनी अशा माणसांना नव्याने थकवा येऊ शकतो, उरलेले बळही कमी होऊ शकते. आक्का पन्नास वर्षे हातांवर सरकत घरभर फिरली. मग खांदे दुखू लागले आणि २०१७ पासून तिने चाकाची खुर्ची घेतली.

कागदावर हल्ली दिव्यांग लिहितात. आक्का त्यावर हसते. "पाय जरा दिव्य असते तर चाललेच असते की," म्हणते. असो.

तिने आयुष्यभर रिकामे बसून खाल्लेले नाही. बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा हातानेच फोडाव्यात, यंत्राने दाण्याला इजा होते व उगवण घटते, हे मी गावोगाव सांगत फिरतो. आमच्या घरच्या बियाण्याच्या शेंगा आजवर आक्कानेच फोडल्या. पण ते बी ज्या रानात पडले, ते रान तिने फारसे पाहिलेले नाही. विहीर, खळे, मळणी, सारे तिला ऐकून माहीत. लहानपणी यात्रेत आम्ही पाळण्यात बसायचो, तेव्हा ती आईजवळ बसून सगळ्यांच्या चपला सांभाळायची.

जानेवारी २०२४ मध्ये धाकट्या भावाच्या मुलांनी कणेरीला जायचे काढले. कोल्हापूरच्या दक्षिणेला, पुणे-बंगळूर महामार्गापासून थोडे आत, कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. यंत्रे येण्याआधीचे स्वयंपूर्ण खेडे तेथे माणसाएवढ्या पुतळ्यांतून उघड्यावर उभे केले आहे. शेजारी कृषी विज्ञान केंद्र असल्याने मला ती वाट ठाऊक होती. बेत ठरत असताना आक्का सोप्यातून म्हणाली, "मला बी न्या."

घरात शांतता. मग भाऊ म्हणाला, "आक्का, लांबचं हाय. उगी तुझी दगदग."

"माझी का तुमची?" आक्का म्हणाली. "माझी असंल तर मी सोसतो. तुमची असंल तर तसं सांगा."

आता यावर काय बोलणार? निघायचे ठरले.

येथे थोडा विस्तार अधिकारी होऊन बोलतो. पहिली गोष्ट, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही ती. आक्काने निघायच्या आदल्या संध्याकाळपासून चहा-पाणी बंद केले. माझ्या बायकोच्या ते ध्यानात आले. अडलेली बाईमाणसे प्रवासात असेच करतात, कारण वाटेत जायचे कोठे आणि नेणार कोण? त्याने चक्कर येते, लघवीला जळजळ होते, आणि मग घरची म्हणतात, बघा, प्रवास मानवत नाही. आम्ही कमोडची घडीची खुर्ची आणि आडोशाला एक जुने नऊवारी लुगडे जीपमध्ये टाकले. बायको म्हणाली, "आक्का, आता पोटभर पाणी प्या." अर्धा प्रश्न तेथेच सुटला.

दुसरी गोष्ट चढाची. चाकाच्या खुर्चीला एक फूट उंची चढवायची तर बारा फूट लांबीचा उतार लागतो. आमचा ओटा दोन फुटांचा, म्हणून भिंतीकडेने चोवीस फूट बांध घातला. भावाला ते फार वाटले. मी त्याला मोटेची धाव आठवून दिली. बैलाच्या खुराला आणि खांद्याला सोसेल असा उतार आपले आजे-पणजे विहिरीवर नेमका साधत होते. तीच अक्कल घरच्या माणसाच्या चाकाला लावायची, एवढेच. खडीत किंवा मुरुमात पुढची बारकी चाके रुततात, तेव्हा खुर्ची उलटी फिरवून मोठ्या चाकांवर मागे ओढत न्यावी. मोठा उतार उतरतानाही खुर्ची उलटीच घ्यावी, नाही तर माणूस पुढे तोंडावर पडते. पोलिओच्या पायांना थंडी फार बाधते, म्हणून आक्काला दोन-दोन मोजे घातले. ज्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आहे त्यांना बसल्या जागी जखम झालेली कळत नाही, त्यांना ठरावीक वेळाने उचलून भार हलका करावा लागतो.

एस.टी.ने जायचे तर अपंगांना तिकिटात पंचाहत्तर टक्के सवलत आहे, आणि अपंगत्व पासष्ट टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला निम्मी. त्यासाठी युडीआयडी कार्ड काढून घ्या. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार धरले आहेत. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. त्याच नव्या कायद्याचे एकोणतिसावे कलम करमणुकीचे आहे. म्हणजे बघा, पगार-पेन्शन, शाळा-दवाखाना यांबरोबर करमणूकसुद्धा कायद्याने धरली आहे.

वाटेत चहाला थांबलो. आक्का खुर्चीत, आम्ही हात धुवायला गेलो. एक भला गृहस्थ आला आणि तिच्या मांडीवर दहाचे नाणे टाकून पुढे निघाला. पुतण्या रागाने धावणार, तोच आक्काने मोठ्याने हाक मारली, "ओ दादा, तुमचं दहा रुपय पडलं बघा हितं!" तो माणूस परत आला, खाली बघत नाणे घेतले. मग आक्काने त्याला चहा पाजला, तिच्या पैशाने. तो गवंडीकाम करणारा निघाला. उताराचे चोवीस फूट त्याने लगेच बोटांवर मोजून बरोबर सांगितले.

कणेरीला आम्ही दोन तासांत उरकू असा अंदाज होता. आक्काने पाच तास घेतले. पोरे पुढे पळत होती. मोठी माणसे अशा ठिकाणी फोटो काढून पुढे सरकतात. आक्का मात्र प्रत्येक देखाव्यापाशी खुर्ची थांबवी आणि नीट पाही. लोहाराचा भाता, तेल्याचा घाणा, सुताराची तासणी. विहिरीच्या देखाव्यापाशी तिने विचारले, "आप्पा, आपली मोट कुठनं सुटायची?" मी सांगू लागलो, नाडा कोठे, सोंदूर कोठे, थारोळ्यात पाणी कसे फुटायचे. आमच्या विहिरीवरची मोट जाऊन इंजिन आले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, तरी हाताने दाखवता दाखवता मला चामड्याचा वास आला. भाऊही येऊन उभा राहिला. त्याला यातले काहीच आठवत नव्हते. आक्काला, जिने ती मोट कधी पाहिली नाही, तिला आमच्या बैलांची नावे पाठ होती.

पुढे कुंभार आला. मग सोनार, चांभार. आक्का गप्प होत गेली. मला वाटले थकली. पाणी दिले. घोट घेऊन ती म्हणाली, "आप्पा, बसून काम करणारी माणसं किती हायेत बघ. कुंभार बसलाय. सोनार बसलाय. चांभार बसलाय. निम्मा गाव बसूनच चालायचा की."

मी हो म्हटले.

"मग मला कुणी काय शिकिवलं का न्हाई?"

आई-वडील दोघेही आता नाहीत. त्यांनी तिला फुलासारखे जपले, आणि जपणे म्हणजे काही करू न देणे अशीच त्या काळची समजूत होती. हे मी तिला सांगू शकलो असतो, पण तिलाही ते माहीत होते. ती कुंभारापाशी बराच वेळ थांबली. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने शिलाई यंत्र मागितले, पायाचे नव्हे, हाताने फिरवायचे. आज ती ब्लाउजचे काज-बटण आणि गोधड्या करते, आणि पैसे चोख मागते. बहिणीचा नातेवाइकांना एवढा धाक कधी नव्हता.

त्याच वर्षी दिवाळीनंतर पोरांनी मोठ्या पाळण्यांच्या बागेत जायचे काढले. आक्काने विचारलेच नाही. मोजे काढून ठेवले. मी आधी फोन करून तीन गोष्टी विचारल्या. खुर्ची फाटकातून आत शिरते का, कमोडची सोय कोठे आहे, आणि कोणत्या खेळात माणसाला उचलून बसवता येते. तुम्हीही फोन करा, जाऊन परत फिरण्यापेक्षा बरे. काही खेळांना तेथे नकार मिळतो, आणि सगळाच नकार अन्यायाचा नसतो. जोराच्या खेळात माणसाला स्वतः ताठ बसता आणि दांडी घट्ट धरता आली पाहिजे. शिवाय खेळ वरच बंद पडला तर त्याला खाली कसे आणायचे, याचाही विचार त्यांना करावा लागतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात २०१० साली गॉर्डन हार्टमन नावाच्या गृहस्थाने मॉर्गन नावाच्या आपल्या अपंग मुलीसाठी म्हणून एक बागच उभारली. तेथे गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या खेळात चाकाची खुर्चीसुद्धा चढते आणि अपंगांना तिकीट नाही. २०१७ साली शेजारी पाण्याची बाग झाली, तिच्यात पाण्यात चालणाऱ्या खुर्च्या आहेत. आपल्याकडे तेवढे नसले तरी विचारले की वाट निघते.

तेथल्या आकाशपाळण्याच्या पोराने मला विचारले, "काका, यांना धरता येतं का?" मी म्हटले, त्यांनाच विचार. आक्काने त्याचा पंजा धरला आणि दाबला. पन्नास वर्षे अंग पेललेले हात ते. पोराने हसत दुसऱ्या हाताने दांडी उघडली.

मला खरे तर ती चढू नये असे वाटत होते. पाळणा उंच होता, वारा होता, तिचे वय सत्तावन्न. पण भीती माझी होती आणि पाळण्यात बसायचे तिला होते. वर जाऊन ती घाबरली असती, तर तेही तिचेच घाबरणे होते. बायको तिच्या शेजारी बसली. मी खाली सगळ्यांच्या चपला घेऊन उभा. दोन फेऱ्यांनंतर पाळणा थांबला, तर आक्का उतरेना. पुन्हा तिकीट काढावे लागले.

आता तिच्या डोक्यात समुद्र आहे. वाळूत चाके रुततात, खुर्ची उलटी ओढली तरी फार जात नाही. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये थेट पाण्याजवळ जाणारी लाकडी वाट अशा खुर्च्यांसाठी केली, ती वादळात मोडली होती, असे मी तिला सांगितले. कोकणात जायचे तर फळ्या अंथरत न्याव्या लागतील. बैलगाडी चिखलातून काढताना आपण तसेच करतो. भावाने प्लायवूडच्या चार फळ्या कापून ठेवल्या आहेत. उसाची तोड संपली की निघायचे ठरते आहे, आणि आक्काने शिलाईच्या पैशांतून जीपचे अर्धे भाडे माझ्याकडे आगाऊ जमा केले आहे.