गॅलरीतली नफरत

आपल्या संघाने गोल केला आणि समर्थक चिडून उठून गेले, असे सांगितले की वर्गातली पोरे हसतात. पण हे खरेच घडले आहे, जेरुसलेममध्ये.

तिथल्या बेतार क्लबने 2013 च्या जानेवारीत झौर सदाएव आणि जब्राईल कादिएव हे दोन चेचेन मुसलमान खेळाडू घेतले. 'ला फॅमिलिया' नावाच्या कट्टर समर्थकांच्या गटाने गॅलरीत फलक धरला, 'बेतार सदैव शुद्ध'. फेब्रुवारीत क्लबचे कार्यालय पेटवले गेले. क्लबच्याच जुन्या आठवणी जळाल्या. नव्या खेळाडूंना आपले म्हणणारा यहूदी कप्तान एरिएल हारूश शिव्यांचा धनी झाला. मार्चमध्ये सदाएवने पहिला गोल केला आणि कित्येक समर्थक बाहेर चालू लागले.

आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. हे ऐकून आमची पोरे बोलून जातात, "सर, यहूदी असतातच असे!" तेव्हा आम्ही रोमची हकीगत सांगतो. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये लाझिओच्या काही समर्थकांनी स्टेडियमात अ‍ॅन फ्रँकचे स्टिकर चिकटवले, अंगात प्रतिस्पर्धी रोमा संघाची जर्सी. यहूदी म्हणून पकडलेली ही मुलगी 1945 मध्ये नाझी छावणीत मेली, अवघ्या पंधराव्या वर्षी. तिचे चित्र इथे शिवीसारखे वापरले. एकीकडे मुसलमान नको, दुसरीकडे यहूदी हीच शिवी. मग दोष कुठल्या कौमचा म्हणायचा?

शिवाय बेतारच्याच काही समर्थकांनी या द्वेषाला कंटाळून 2014 मध्ये 'बेतार नॉर्डिया' हा वेगळा क्लब काढला, हेही आम्ही आवर्जून सांगतो.

गॅलरीत एकट्याचे तोंड दिसत नाही. घरी मान खाली घालून बसणारा पोरगा तिथे हजारांच्या आवाजात काहीही ओरडतो. दुसऱ्या दिवशी जबाब कुणी मागत नाही. कट्टर विचारांच्या गटांना अशी तयार गर्दी आयती मिळते.

'तुम्ही लोक असेच' हे वाक्य आमच्या पोरांनी बाजारात, प्रवासात ऐकलेले आहे. त्याचा चटका त्यांना ठाऊक आहे. म्हणून ते वाक्य त्यांच्या तोंडून निघू नये, यासाठी आमची धडपड. मैदानावर कुणी समोरच्याच्या जातीवरून, मजहबवरून बोलले की आम्ही शिट्टी वाजवतो आणि त्याला बाहेर बसवतो, मग तो आमचा सर्वात चांगला खेळाडू का असेना. सामना गेला तरी चालेल.