संजीवनीच्या पुढे

५ ऑक्टोबर २०२५
सिंहगड, आतकरवाडीची वाट. दोनदा वर-खाली. एका वेळचा चढ सहाशे मीटरच्या आसपास. चढताना दम लागतो, त्याचं काही नाही. उतार जमत नाही.

९ ऑक्टोबर
बाबांना सांगितलं. राजगड ते तोरणा, पळत, एका दमात. काही बोलले नाहीत. रात्री त्यांची जुनी वही टेबलावर ठेवलेली दिसली. पेन्सिलीनं काढलेली डोंगराची धार. खिंडीपाशी फुली: पाणी नाही.

१९ ऑक्टोबर
रेकी. गुंजवण्यातून चोरदरवाजानं पद्मावती माची, मग संजीवनी. अळू दरवाजातून बाहेर पडले आणि गवतात बुडाले. डोक्याच्या वर गवत. तीनदा ढोरवाटेला लागले. गुरांची वाट चढ टाळत आडवी जाते, माणसाची धार धरून राहते. वहीत लिहिलंय हे. मी नीट वाचलं नव्हतं. पाणी निम्मं संपल्यावर परत फिरले.
राजगड यंदा जागतिक वारशाच्या यादीत आला. तोरणा नाही. वाईट वाटतं.

२० ऑक्टोबर
पहाटे अभ्यंगस्नान. पोटऱ्यांवर गवताचे ओरखडे, उटणं झोंबलं. मोज्यांतली कुसळं अजून निघताहेत.

२ नोव्हेंबर
घोटा मुरगळला. तोही साध्या गाडीरस्त्यावर.

१० नोव्हेंबर
सूज उतरली. एका पायावर उभं राहून दात घासते. बाबाही शेजारी तसेच उभे, भिंतीला हात टेकून. त्यांचा गुडघा थरथरतो.

२३ नोव्हेंबर
सिंहगड. चढ चालत, उतार पळत. घसाऱ्यावर मागे रेललं की टाच सुटते. वजन पुढे हवं, पावलं बारीक आणि पटापट. नजर तीन पावलं पुढे. मुरमाचा खर्रर्र आवाज एका लयीत आला की समजायचं, जमतंय. आज थोडा वेळ आला.

६ डिसेंबर
तीन लिटर पाणी, खजूर, चिक्की, मीठ-साखर. "शिट्टी घेतलीस?" दोनदा विचारलं बाबांनी.

७ डिसेंबर
संजीवनीवर उजाडलं. गवत वाळून आडवं झालेलं, वाट स्वच्छ दिसत होती. पण त्यावरून पाय काचेवरून सरकावा तसा सरकतो. खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडला. पुढच्या चढावर पाणी संपत आलं. धनगराच्या घरापाशी एक आजी ताक घेऊन बसलेल्या. दोन पेले प्यायले. "सावकाश जा गं," म्हणाल्या. बुधला माचीखालचा कातळ हातापायांवर चढले. तोरणा, १४०३ मीटर. मेंगाई देवीला नमस्कार. बिनी दरवाजातून खाली, एकदाही बसले नाही.
बाबा पायथ्याला वेल्ह्यात गाडीपाशी नव्हते. वाटेवरच भेटले, पहिला टप्पा चढून आलेले, हातात काठी.

८ डिसेंबर
बाबा वही घेऊन बसलेत. "त्या आजी नेमक्या कुठे बसतात?" फुलीशेजारी पेन्सिल टेकवून विचारताहेत.