आत्याबाईंचा पांढरा रस्सा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत रविवारी सकाळी कधी आलात, तर कुणाच्या घरी काय शिजतंय हे विचारावं लागत नाही. अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून रंकाळ्याकडं चालू लागलात की गल्लीगल्लीतनं वास येतो. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे इथले मटणाचे वार. ताटात सुकं मटण, भाकरी, भात आणि दोन वाट्या. एक तांबड्या रश्श्याची, एक पांढऱ्याची. मी खेड्यातून सून म्हणून या घरात आले तेव्हा तांबडा मला येत होता. पांढरा मात्र आत्याबाईंनी शिकवला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

शिकवला म्हणजे काय, तर त्या करायच्या नि मी बघायची. मटण आलं-लसणावर शिजवायचं आणि त्याचं अळणी पाणी बाजूला काढायचं. नाव अळणी, पण मीठ असतं बरं का, तिखट तेवढं नसतं. पांढऱ्यासाठी त्यात हळद घालायची नाही. मग तीळ-खसखस-काजूचं वाटण, खडा मसाला आणि शेवटी नारळाचं दूध. त्यांच्या हातचा रस्सा प्यायला शेजारपाजारची माणसं वाटी घेऊन येत.

मामंजी गेले त्याच्या पुढच्या आषाढीला आत्याबाई पंढरपूरला गेल्या, त्या गळ्यात तुळशीची माळ घालूनच परत आल्या. माळ घातली म्हणजे मटण सुटलं. खाणं सुटलं तसं करणंही सुटलं. त्यांनी आम्हाला कधी अडवलं नाही. "माझी माळ मला, तुमचं तोंड का बांधू?" म्हणायच्या. पण रविवार आला की त्या मागच्या सोप्यात जाऊन वाती वळत बसायच्या आणि दही-भाकरी खाऊन मोकळ्या व्हायच्या. घरात सगळ्यांत चांगला रस्सा करणारी बाई त्याच दिवशी स्वयंपाकघराकडं फिरकायची नाही. माझा रस्सा कधी फुटायचा, कधी पांचट व्हायचा. चाखून सांगणारं कुणी नव्हतं.

त्यांच्यापुरता बिनमटणाचा पांढरा करावा असं माझ्या मनानं घेतलं. पहिल्यांदा हरभऱ्याच्या डाळीचा कट घेतला. रंग पिवळा आला. वाटी बघून आत्याबाई म्हणाल्या, "ही तर शिमग्याची आमटी की गं!" दुसऱ्यांदा फ्लॉवर उकडून त्याचं पाणी घेतलं. त्याला असा उग्र वास आला की ते कुणीच तोंडाला लावलं नाही. तिसऱ्यांदा पांढरा वाटाणा घेतला आणि जरा जमलं. आनंदाच्या भरात मी मटणाच्या पातेल्यातली पळी त्यात घातली आणि तशीच वाढली. आत्याबाईंनी ते बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. ताट बाजूला सारून उठल्या आणि त्या दिवशी चहाशिवाय काही घेतलं नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "माझ्यासाठी काय करत जाऊ नको."

भगिनींनो, दोन महिने मी त्या वाटेला गेले नाही. मग एक दिवस महाद्वार रोडवरून नवं पातेलं, पळी आणि दोन वाट्या आणल्या. ती भांडी वेगळ्या फळीवर ठेवली आणि त्यांना म्हटलं, "मला येत नाही. तुम्ही करा, मी हाताखाली राहते." त्यांनी पातेलं उलटंपालटं करून बघितलं. म्हणाल्या, "वाटाण्याला धर नाही. तुझ्या माहेरचा पावटा हाय काय घरात?"

पावटा आत्याबाईंना सुचला, मला नाही. त्यांची रीत सांगते. वाटीभर वाळका पांढरा पावटा रात्री भिजत घालायचा. सकाळी ते पाणी टाकून द्यायचं, त्यात कडसरपणा उतरतो. ताज्या सहा-सात वाट्या पाण्यात आलं-लसूण ठेचून घालून पावटा मऊ शिजवायचा आणि पाणी गाळून घ्यायचं. हेच आपलं अळणी पाणी. मूठभर दाणे त्यातच कुस्करायचे, उरलेल्यांची तांबडी उसळ होते. वाटणाला दोन चमचे तीळ, चमचाभर खसखस आणि आठ-दहा काजू. खसखस महाग वाटली तर तीळच वाढवा, पण ते भाजू नका, रंग जातो. मटणाच्या रश्श्यात मसाल्याचा वास चरबी धरून ठेवते. इथं ती नाही, म्हणून तुपात हात आखडू नये. दोन चमचे तुपात तमालपत्र, दालचिनी, चार लवंगा, दोन वेलदोडे, दहा मिरी आणि दोन चिरलेल्या हिरव्या मिरच्या टाकायच्या. त्यावर वाटण परतायचं, पाणी आणि मीठ घालून चांगलं उकळू द्यायचं. अर्ध्या नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, मंद आचेवर, ढवळत घालायचं. त्यानंतर उकळी फुटू द्यायची नाही. खळखळ उकळलं की दुधातला स्निग्धांश सुटा होतो आणि रस्सा फुटतो. माझं इतकी वर्षं इथंच चुकत होतं.

फणसाच्या दिवसांत कपिलतीर्थ मंडईत कोवळे कच्चे फणस मिळतात. त्याच्या फोडी तळून तांबडाही होतो, पण तो मीच करते. आत्याबाईंना चिकाचा कंटाळा.

आमचे थोरले दीर पहिल्यांदा हसले. मटणाशिवाय पांढरा म्हणजे पैलवानाशिवाय तालीम, म्हणाले. मी म्हटलं, भावोजी, मिरची आपल्याकडं आली ती अमेरिकेतून, पोर्तुगिजांच्या गलबतांतून. तिच्याआधी मिरचीचा तांबडा रस्सा कुठला असणार? आत्याबाईंनी आतून १९७२ च्या दुष्काळाची आठवण काढली. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी थापताना तुटायची, तेव्हा बायका उकळत्या पाण्यात पीठ मळून ती जुळवायच्या. "तवा कुणी इचारलं न्हाई, ही भाकरी हाय का न्हवं म्हणून," त्या म्हणाल्या. दीर गप्प बसले आणि वाटी पुढं केली.

आता रविवारी आमच्याकडं शेजारी-शेजारी दोन पातेली असतात. आत्याबाई आपलं बघतात आणि माझ्या पातेल्याकडं न बघताच सांगतात, "वास आला, उतरव आता." चाखत नाहीत, पण चुकतही नाहीत. घरची सगळी मंडळी त्यांच्या पातेल्यातली वाटी आधी मागतात, त्यामुळं त्यांनाच कधीकधी कमी पडतं. भावाला निरोप धाडलाय, यंदा ज्वारीत पावट्याच्या दोन ओळी जास्त धर.